उपेक्षित आमरी : ओळख व परिचर्या

रास्ना हे द्रव्य आपणां सर्वांच्या नित्य व्यवहारातील आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील यज्जःपुरुषीय अध्यायात वातहर द्रव्यांमध्ये रास्नेला अग्रस्थान दिले आहे. परंतु रास्ना म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, असा प्रश्न उपस्थित होताच प्रांतागणिक उत्तर बदलते. आयुर्वेदिक फार्माकोपियाने प्लुशिया लॅन्सिओलाटा या वनस्पतीची पाने रास्ना म्हणून स्वीकारली आहेत. दक्षिणेत अल्पिनियाची मुळे वापरली जातात. तर बंगालमध्ये व्हँडा टेसेलाटा या आमरीची, म्हणजेच ऑर्किडची, मुळे रास्ना म्हणून व्यवहारात आहेत. यांपैकी ग्राह्य कोणती, हा वाद प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ज्या वनस्पतीचे शुष्क मूळ आम्ही विद्यार्थीदशेत द्रव्यसंग्रहालयाच्या बरणीत पाहिले, ती जिवंत वनस्पती दारी आली असता आम्हांस ओळखता आली नाही व जगवताही आली नाही, त्या चुकीतून जे शिकलो ते वैद्यबंधु-भगिनींपुढे ठेवणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका रुग्णाने पोत्यात भरून सात झाडे आणली. रस्ता रुंद करण्यासाठी त्याच्या बांधावरील जुना आंबा तोडला गेला होता. फांद्यांवरील हे ‘बांडगूळ’ जाळून टाकण्यापूर्वी औषधी असल्यास पाहावे, असा त्याचा विचार. पट्ट्यासारखी जाड पाने, दोन्ही बाजूंस ओळीने लागलेली, आणि दोरखंडासारखी पांढुरकी मुळे. आम्ही ती मोठ्या आस्थेने मातीच्या कुंड्यांत लावली, शेणखत घातले व सकाळ-संध्याकाळ पाणी दिले. पावसाळा संपेपर्यंत सातांपैकी चार मेली. आस्थेत उणीव नव्हती, ज्ञानात होती.

बांडगूळ व आमरी यांतील भेद

बांडगूळ हे अर्धपरोपजीवी आहे. ते आपली शोषकमुळे आश्रयवृक्षाच्या आत शिरवून त्याचा रस घेते; म्हणून बागाईतदार ते काढून टाकतो, यात गैर काही नाही. वृक्षावर वाढणारी आमरी मात्र अपिवनस्पती आहे. ती सालीला केवळ बिलगते. तिचे पाणी पाऊस, दव व धुक्याचे, तिचे अन्न सालीच्या खाचांत साठलेल्या पालापाचोळ्याचे व स्वतःच्या हिरव्या पानांचे. ती वृक्षाकडून आधार घेते, आहार घेत नाही. संस्कृतातील ‘वन्दा’ हा शब्द झाडावर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतींसाठी आहे, आणि त्याच शब्दावरून ‘व्हँडा’ हे शास्त्रीय नाव आले. म्हणजे आपल्या गैरसमजाची छाया या वनस्पतीच्या नावावरही पडलेली आहे. या एका गैरसमजापायी जुन्या आमरायांतील किती आमरी कोयत्याला बळी पडल्या असतील, याची गणती नाही.

चार झाडे का मेली?

आमरीच्या हवाई मुळाभोवती मृत पेशींचे अनेक थरांचे, स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असता ते रुपेरी पांढरे दिसते. भिजताच पाणी शोषून पारदर्शक होते व आतील हिरवा रंग दिसू लागतो. ही रचना थोड्या वेळात भरपूर पाणी घेऊन पुन्हा वाऱ्यात सुकण्यासाठी आहे. माती व शेणखताने मुळाभोवतीची हवा कोंडली, ओल सतत राहिली, मुळे गुदमरून कुजली व बुरशीने उरलेले काम पूर्ण केले.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मुळे कुजल्यावर झाडाला पाणी शोषता येईना, म्हणून पाने सुरकुतली. सुरकुतलेली पाने पाहून आम्ही अधिक पाणी दिले. लक्षण तहानेचे, हेतू मात्र अतिजलाचा. लक्षण एक व हेतू परस्परविरुद्ध, ही अवस्था आपण रुग्णांत नित्य पाहतो. आधी रोगाची परीक्षा व नंतर औषधाची योजना, हा चरकांचा क्रम आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत होतो, आणि अंगणातील झाडाच्या बाबतीत तोच विसरलो होतो. कुंडी उपडी करून मुळे पाहण्यास दोन मिनिटेही लागली नसती.

उरलेल्या तिघींची चिकित्सा

प्रथम निदानपरिवर्जन. तिन्ही झाडे मातीतून काढून मुळे स्वच्छ धुतली. बोटाने दाबून पाहता जे मूळ घट्ट लागले ते राखले. जे पिचपिचीत झाले होते व ज्याचे आवरण निघून आत केवळ दोरा उरला होता, ते निर्जंतुक पात्याने कापले. कापलेल्या जागी हळदपूड लावली. नंतर दोन दिवस पाणी न देता झाडे सावलीत, वाऱ्यावर टांगली. हे एक प्रकारचे लंघनच. त्यानंतर सालीसह असलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर काथ्याने बांधली. बांधताना शेंडा मोकळा राहील याची दक्षता घेतली, कारण व्हँडा एकाच शेंड्याने वाढते व तेथे पाणी साचून कूज झाल्यास झाडाचा संभव फार थोडा उरतो.

सुमारे तीन महिन्यांनी एका झाडाला हिरव्या टोकाचे नवे मूळ फुटले. त्या दिवशी झालेला आनंद जीर्ण ज्वराच्या रुग्णास प्रथम भूक लागल्यावर वैद्यास होतो तसाच होता.

दिनचर्या व ऋतुचर्या

व्हँडाच्या परिचर्येचे नियम थोडे असले तरी ते देश व काल यांस धरून आहेत.

प्रकाश : सकाळचे कोवळे ऊन हितकर, चैत्र-वैशाखातील दुपारचे ऊन पाने भाजते व काळपट डाग पडतात. पाने गर्द हिरवी होऊन फूल येत नसेल तर प्रकाश अपुरा, आणि पाने पिवळट पडत असतील तर बहुधा अधिक समजावा.

जल : सकाळी मुळे हिरवी होईपर्यंत भिजवावीत व संध्याकाळपूर्वी ती सुकलेली असावीत. मुळांचा रंग हाच नाडीप्रमाणे मार्गदर्शक मानावा. उन्हाळ्यात रोज, क्वचित दोनदा. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड. पावसात टांगलेल्या झाडास वेगळे पाणी नको. विंधनविहिरीचे क्षारयुक्त पाणी मुळांवर पांढरे पुट चढवते, म्हणून शक्य तेथे पावसाचे पाणी साठवून वापरावे.

वायू : खेळती हवा अनिवार्य. ओंडका न मिळाल्यास लाकडी पट्ट्यांची टोपली घेऊन तीत कोळसा व विटांचे मोठे तुकडे घालावेत. माती मुळीच नको.

पोषण : वाढीच्या काळात पंधरवड्यातून एकदा, वेष्टनावर सांगितलेल्या मात्रेच्या चतुर्थांश इतके विरघळणारे खत, तेही मुळे आधी भिजवून. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातील कुणपजल मातीतील वृक्षांसाठी आहे. ते उघड्या मुळांवर ओतण्याचा उत्साह टाळावा.

उपद्रव : खवले कीड व पिठ्या ढेकूण साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावेत. पावसाळ्यात गोगलगाई रात्री मुळांची कोवळी टोके खातात. त्या वेचून काढाव्यात.

निद्रिताला मृत समजू नये

आमरींची दुसरी उपेक्षा त्यांच्या विश्रांतीकाळात होते. सह्याद्रीतील डेंड्रोबियम बारबॅट्युलम हिवाळ्याच्या सुमारास पाने टाकते व उघड्या दांड्यांवर पांढरी फुले धारण करते. दांड्या शुष्क दिसतात म्हणून ती फेकली जाते किंवा जागी व्हावी म्हणून पाण्यात बुडवली जाते. दोन्ही घातक. दांडी टणक असेल तर झाड जिवंत आहे. नवे अंकुर दिसेपर्यंत पाणी अत्यल्प असावे.

भूमीत वाढणाऱ्या हॅबेनेरियाची रीत निराळी. कासच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात फुलणाऱ्या या आमरी पावसाळ्यानंतर जमिनीवरून अदृश्य होतात. अदृश्य होण्यापूर्वी, वाढीच्या व फुलण्याच्या काळातच जुना कंद झिजतो व नवा कंद पुढील वर्षासाठी भरतो. असा कंद फुलाच्या काळात उपटला, तर चालू वर्षाचे व पुढील वर्षाचे असे दोन्ही जीवन संपते.

आपले उत्तरदायित्व

हे विवेचन केवळ उद्यानप्रेमींसाठी नाही. अष्टवर्गातील जीवक, ऋषभक, ऋद्धि व वृद्धि ही चारही द्रव्ये आज हिमालयातील भूमिज आमरी म्हणून ओळखली जातात, आणि च्यवनप्राशाच्या पाठात त्यांपैकी जीवक, ऋषभक व ऋद्धि यांचा समावेश आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांनाही अष्टवर्ग दुर्लभ वाटला, म्हणून त्यांनी जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद व ऋद्धि-वृद्धीऐवजी वाराहीकंद हे प्रतिनिधी सांगितले. दुर्लभ द्रव्यासाठी प्रतिनिधी घेणे ही शास्त्राची तडजोड नसून त्याचा विवेक आहे.

आमरीचे पुनरुत्पादन मंद असते. एका शेंगेत सहस्रावधी धूलिकणांसारखी बीजे असतात. परंतु त्यांत अन्नसाठा नसल्यामुळे विशिष्ट बुरशीच्या साहाय्याविना ती निसर्गात रुजत नाहीत. हे साहचर्य नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये फ्रान्समध्ये ओळखले, आणि 1922 मध्ये लुईस नडसन यांनी शर्करायुक्त माध्यमावर बुरशीविना बीज रुजविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. म्हणजे प्रयोगशाळेत रोपे करण्याचा मार्ग उपलब्ध आहे. आमरींचे संपूर्ण कुल साइट्स कराराच्या परिशिष्टांत अंतर्भूत असून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. तेव्हा वनातून आमरी आणू नये. रोपवाटिकेत वाढविलेली घ्यावी. वृक्ष तोडला जात असेल तर मालकाच्या व आवश्यक तेथे वन विभागाच्या अनुमतीने तीवरील आमरी शेजारच्याच जिवंत वृक्षावर, त्याच दिशेच्या प्रकाशात, काथ्याने बांधावी. तिला घरी नेण्यापेक्षा हे श्रेयस्कर.

आमच्या तीन झाडांपैकी एकास तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस फुलांचा तुरा आला. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी, जांभळट ओठ आणि मंद सुगंध. ज्याने पोते आणून दिले होते त्या रुग्णास आम्ही मुद्दाम बोलावून ते दाखविले. त्याने बराच वेळ पाहून एवढेच विचारले, “वैद्यराज, हे आमच्याच आंब्यावरचं का हो?” पुढील पावसाळ्याच्या आरंभी ते झाड आम्ही त्याच्या बांधावरील दुसऱ्या आंब्यावर बांधून आलो. उरलेली दोन चिकित्सालयाच्या ओसरीत आहेत. रास्नेचा पाठ शिकविताना विद्यार्थ्यांस आता प्रथम तेथे नेतो. बरणी नंतर उघडतो.