थंडीतला मटणाचा रस्सा आणि आठ नंबरचं मांस



हनुक्का जवळ आला की आमच्या दिमोनाची थंडी हाडात शिरते. तेल अवीवकडच्यांना हसू येईल, पण नेगेवात राहणाऱ्यांना विचारा. दिवसभर ऊन, आणि सूर्य बुडाला की घराच्या भिंतीसुद्धा गार पडतात. अशा दिवसांत सगळ्यांना आठवतो तो आपला मटणाचा रस्सा. आणि दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारतंच, "बाई, तिकडे अलिबागला, पनवेलला आपण करायचो तशी चव इथे का येत नाही? मांस चिवट का होतं?"

याचं उत्तर मसाल्यात नाही, मांसात आहे.

तिकडे आपण बकऱ्याचं मटण खायचो. लहान जनावर, कोवळं मांस, पाऊण-एक तासात शिजलं. इथे बकऱ्याचं काशेर मटण शोधावं लागतं, मेंढीचं मिळतं पण पेन्शनीत बसत नाही. म्हणून बहुतेक जण बीफवर आले. पण शिजवायची पद्धत मात्र तीच ठेवली, बकऱ्याची. मीसुद्धा पहिली कित्येक वर्षं तेच केलं. चांगलं, बिनचरबीचं, महागातलं मांस आणायचं आणि तासाभरात पातेलं उतरवायचं. खाताना सासूबाई तुकडा गालात ठेवून बसायच्या, गिळता येईना आणि टाकताही येईना.

मग शेजारच्या मोरोक्कोवाल्या बाईंनी मला खाटकाकडे नेलं आणि नंबर शिकवले. इथे मांसाच्या भागांना नंबर आहेत हे तुम्हाला माहीतच आहे, पण कुठला नंबर कशाला हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना नीट ठाऊक नसतं. रश्श्यासाठी ८ नंबर, म्हणजे ‘श्रीर’, पायाच्या पोटरीचं मांस. हाडासकट गोल चकत्या कापून दिल्या तर फारच छान, मधल्या नळीतला मगज रश्श्यात उतरतो. १० नंबर, मानेचं, तेही उत्तम. ९ नंबर, ‘श्पोंड्रा’, बरगड्यांचं, चवीला सगळ्यात गोड पण चरबी फार. ३ नंबर छातीचं आणि ५ नंबर खांद्याचं, दोन्ही चालतात. हात घट्ट असेल त्या महिन्यात टर्कीची मान आणा, स्वस्त पडते आणि रस्सा दाट होतो. फिलेटला मात्र रश्श्यात घालू नका, पैसे पाण्यात.

हे उलटं वाटतं ना? महागाचं चिवट आणि स्वस्ताचं मऊ! त्याचं कारण असं. जनावर ज्या भागावर चालतं, ओझं पेलतं, त्या भागात मांसाच्या तंतूंभोवती पांढरी, लवचिक जाळी असते, तिला कोलॅजन म्हणतात. मांस तापलं की आधी तंतू आक्रसतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून टाकतात. म्हणून तासाभराने बघाल तर तुकडा दगड झालेला असतो, आणि आपण घाबरून म्हणतो, मांस खराब निघालं. खराब नाही, अर्धवट आहे. ७० अंशांच्या पुढे मंद आचेवर दोन-तीन तास राहिलं की ती पांढरी जाळी हळूहळू विरघळते आणि तिचं जिलेटिन होतं. तेच तंतूंना परत ओलावा देतं, तेच रश्श्याला दाटपणा देतं, ओठाला चिकटतो तो दाटपणा. पाये खाणाऱ्यांना हे सांगायला नको. फिलेटमध्ये ही जाळीच जवळजवळ नसते, त्यामुळे ते जितकं जास्त शिजवाल तितकं कोरडं होत जातं. तर पोटरीचं मांस तासाला चाखू नका, दोन तासांनी चाखा.

आपले आईबाप हे न शिकता जाणत होते. आमच्या आजीच्या घरी चुलीच्या वैलावर पातेलं सकाळपासून असायचं. इथे आल्यावर चूल गेली, पण जुन्या मंडळींना ‘प्तिलिया’ आठवत असेल, रॉकेलवर चालणारा वातीचा स्टोव्ह. १९४९ ते १९५९ ही त्सेनाची, म्हणजे टंचाईची, वर्षं होती, मांस मोजून मिळायचं. त्या काळात आलेली मोठी माणसं सांगायची की हाडकं आणि बटाटे प्तिलियावर दिवसभर रटरटत असायचे, आणि घर गरम व्हायचं ते वेगळंच. वातीची आच मोठी करता येत नव्हती, म्हणूनच स्वयंपाक चांगला व्हायचा. गॅस आला आणि आपल्याला घाई लागली.

आता कृती. सहा माणसांना एक किलो ८ नंबर पुरतो. मोठे तुकडे करा, ज्यांना कवळी आहे त्यांच्यासाठी मागाहून मोडता येतात. हिरव्या मसाल्याला कोथिंबिरीची एक मोठी जुडी, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, दोन बोटं आलं आणि हिरव्या मिरच्या. मिरच्या पूर्वी आठ घालायचे, आता तीन. पोट आपलं, हट्ट कशाला? हा मसाला वाटून त्याचे दोन भाग करा. तेलात तीन कांदे लाल होईस्तोवर परता, मांस थोडं थोडं करून परता. सगळं एकदम टाकलंत तर पाणी सुटतं आणि तुकडे भाजले जाण्याऐवजी उकडतात. मग हळद, अर्धा हिरवा मसाला, दोन चमचे गरम मसाला, आणि दीड लिटर पाणी, तेही गरम. झाकण ठेवा, आच बारीक, आणि अडीच तास पातेल्याला विसरा. प्रेशर कुकर असेल तर शिटी झाल्यावर आच कमी करून पाऊण तास. बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात. उरलेला हिरवा मसाला अगदी शेवटी, त्याने रंग हिरवा राहतो आणि कोथिंबिरीचा वास जागा राहतो.

नारळाचं दूध तर हवंच. मांसात दही-दूध आपल्याला चालत नाही, त्यामुळे कोकणात पिढ्यान् पिढ्या नारळानेच ती जागा भरून काढली. इथे डबा फोडायचा. पण दोन गोष्टी बघा. पहिली, ‘पार्वे’ लिहिलंय का ते वाचा. नारळाच्या दुधाच्या काही पावडरींमध्ये खऱ्या दुधातलं प्रथिन घातलेलं असतं, नाव नारळाचं म्हणून डोळे मिटून घेऊ नका. चष्मा लावा, नाहीतर नातवाला वाचायला सांगा. दुसरी, ते मांस शिजल्यावरच घाला आणि भरभर उकळू नका. जोराच्या उकळीने दूध फाटतं, वर तेल तरंगतं, खाली चोथा. अर्धा डबा घालून पाच मिनिटं मंद ठेवा, मग आच बंद करून चार-पाच आमसुलं टाका. आमसूल संपलं असेल तर थोडा चिंचेचा कोळ. लिंबूही चालतं, पण मग मला बोलावू नका जेवायला.

मिठाचं वेगळं सांगते, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना ब्लड प्रेशर आहे. तिकडे मांस घरी आणून अर्धा तास पाण्यात भिजवायचं, तासभर मीठ लावून ठेवायचं आणि तीनदा धुवायचं, ही आपली सवय. इथे दुकानात मिळणारं काशेर मांस बहुतेक आधीच मीठ लावून धुतलेलं असतं. थोडं मीठ त्याच्या अंगात मुरलेलंच असतं. त्यात आपण हाताच्या सवयीने मूठ टाकतो, वर सुपाची पिवळी पावडर. ती पावडर म्हणजे निम्मं मीठच समजा. तर पावडर नकोच, आणि मीठ सगळं झाल्यावर चाखून. आमसुलाच्या आंबटपणाने कमी मीठ जाणवत नाही, हा माझा अनुभव.

शेजारणींकडूनही मी खूप घेतलं. येमेनी बायका त्यांच्या सुपात ‘हवायेज’ घालतात. हुंगून बघा, मिरी, जिरं, हळद, आपल्याच घरातला वास. त्यांचं फेसाळलेलं ‘हिल्बे’ म्हणजे आपली मेथी. इराकी लोक शुक्रवारी रात्री ‘त्बीत’ ठेवतात, भात भरलेली कोंबडी. मोरोक्कोवाल्यांची ‘स्खीना’, युरोपवाल्यांचं ‘चोलंट’, सगळी एकाच घरातली भावंडं. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, पण गरम जेवण हवं, यातून ती जन्मली. मिश्नातल्या शब्बाथच्या भागात एक आख्खा अध्याय आहे, गरम अन्न कशात गुंडाळून ठेवावं आणि कशात नाही, यावर. ‘हमीन’ हे नावही ‘हाम’, म्हणजे गरम, यावरून.

मी आता हमीन आपल्या मसाल्यात करते. ८ नंबरचं मांस, भिजवलेले गहू, छोले, बटाटे, सालीसकट अंडी, आणि वरून आपला गरम मसाला. अंडी सकाळी तपकिरी निघतात, पोरं भांडतात त्यावर. नारळाचं दूध मात्र यात नाही, रात्रभरात फाटून जातं. डिसेंबरात शब्बाथ सव्वाचारच्या आसपासच येतो, तेव्हा शुक्रवारी सकाळी आठला पातेलं चढलं पाहिजे. प्लाटावर ठेवायच्या आधी सगळं पूर्ण शिजलेलं असू द्या. तुमच्या घराच्या रिवाजाबद्दल काही शंका असेल तर रब्बीला विचारा, ते माझं काम नाही.

एक धोका मात्र नक्की सांगते. लाल राजमा हमीनमध्ये घालत असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळा, मगच मंद आचेवर. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळीनेच मरतं. नुसत्या मंद आचेवर राहिलं तर जात नाही, आणि माणूस उलट्यांनी हैराण होतो.

आता माझी फजिती. गेल्या हिवाळ्यात बुधवारी संध्याकाळी मी नऊ माणसांचं पातेलं केलं. शुक्रवारी नात सैन्यातून सुट्टीवर यायची होती. पातेलं जड, माझ्या मनगटात आता जोर नाही. म्हटलं थंडी आहे, राहू दे रात्रभर ओट्यावर. पण घरात हीटर चालू होता. सकाळी झाकण काढलं तर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. सगळं टाकलं. मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे कर. तयार आणू, तू बस." रागावून नाही म्हणाला, म्हणूनच जास्त लागलं.

मग मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वास आला हे नशीब. मांसातल्या काही जंतूंची बीजं उकळीनेही मरत नाहीत. पातेलं कोमट झालं की ती जागी होतात आणि भराभर वाढतात, आणि बऱ्याचदा वासही येत नाही, चवही बदलत नाही. मोठं पातेलं बाहेरून गार लागलं तरी मधून चार-पाच तास कोमटच असतं. तरण्या माणसाला एक दिवस जुलाब होतील, आपल्या वयात तेच इस्पितळापर्यंत नेतं. म्हणून आता मी रस्सा झाला की डावाने (पातेलं उचलत नाही!) पसरट लहान डब्यांत काढते, वाफ गेली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. परत गरम करताना कोमट नाही, चांगली उकळी. वीज वाचवायला प्लाटा रात्री घड्याळाने बंद करून सकाळी चालू करतात काही जण. भाकरी-पोळीला चालेल, मांसाला नाही. अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, म्हणजे झाकणाला हात लावून ठेवता येऊ नये इतकं गरम.

आणि पातेलं लहान केलं. नऊ माणसांचं एकदम करत नाही, सोमवारी अर्धं, बुधवारी अर्धं. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलं की वर चरबीचा पांढरा थर असतो, तो चमच्याने उचलून टाका, कोलेस्टेरॉलवाल्यांना फुकटचा फायदा. खाली रस्सा जेलीसारखा थरथरला तर समजा, आठ नंबरने आपलं काम केलं.

फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने ठेवायचा असेल तर बटाटे आणि नारळाचं दूध न घालता ठेवा. बटाटा गोठला की स्पंजासारखा होतो. दोन्ही गरम करताना घाला. आणि डब्यावर काय आहे ते तारखेसकट लिहा. मी मराठीत लिहिते. नातवंडांना वाचता येत नाही, म्हणून डबा शुक्रवारपर्यंत टिकतो.