पहिल्या माजाआधी

मांजर पहिल्यांदा माजावर येते तेव्हा घरच्यांना वाटतं, तिला काहीतरी दुखतंय. ती फरशीवर लोळते, मागचा भाग वर उचलते, रात्रभर ओरडते. चार-पाच महिन्यांचं, अजून दोऱ्यामागे धावणारं पिल्लू गाभण राहू शकतं, यावर विश्वास बसत नाही. बोका भेटला नाही तर माज दोन-तीन आठवड्यांनी परत येतो. भेटला, तर साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं. आणि ती अंगावर पीत असतानाच आई पुन्हा गाभण राहू शकते.

आमच्या मनीचं नसबंदीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आत्या म्हणाली, “एकदा लेकुरवाळी होऊ दे गं, मग कर काय ते.” यात माया आहे, ती मला कळते. पण मांजरीच्या स्तनांतल्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर तो धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो. वर्ष उलटलं की हा फायदा झपाट्यानं कमी होतो. आईपण एकदा देऊन बघू म्हणत थांबलं, की नेमका हाच काळ हातचा जातो.

पुण्यातल्या आमच्या डॉक्टरांनी मला आत उभं राहू दिलं. आधी वजन, कारण भुलीचं प्रमाण त्यावर ठरतं. सकाळचं खाणं बंद होतं, भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. इंजेक्शननंतर मान लवंडली, पण डोळे उघडेच राहिले. बुबुळं सुकू नयेत म्हणून त्यांत मलम घातलं. पोटावरचे केस काढून बेंबीच्या थोडं खाली छेद घेतला, माझ्या अंगठ्याच्या नखाहून जेमतेम मोठा. बोथट आकडी आत गेली आणि गर्भाशयाचा एक फाटा वर आला. त्याच्या टोकाला सेंटीमीटरभराचा बीजकोश. इथे डॉक्टरांचं बोलणं थांबलं. रक्तवाहिनी बांधली, कापली, चिमटा हळूच सैल केला, रक्त येत नाही हे पाहिलं, मगच ती आत सोडली. सुटलेली गाठ पोटात शोधणं फार अवघड. दुसऱ्या बाजूला हेच सगळं पुन्हा.

घरी टाके चाटू नयेत म्हणून जुन्या टी-शर्टच्या बाहीला चार भोकं पाडून ती मनीला घातली. दोन दिवस ती पलंगाखाली बसून होती, आणि मला ते बघवत नव्हतं. भुलीत धोका असतोच. थोडा असला तरी तो आपण तिच्या वतीनं पत्करतो. नंतर भूक वाढते आणि शरीराची अन्नाची गरज कमी होते, त्यामुळे वाटी मोजूनच भरावी लागते.

बोक्याचं काम काही मिनिटांचं, बहुधा टाक्यांविना. त्याची भटकंती आणि मारामाऱ्या कमी होतात, म्हणजे खोल चाव्यांतून मांजरांमध्ये पसरणाऱ्या एफआयव्ही विषाणूचा धोकाही. फक्त एक गोष्ट घरी नेताना विचारून घ्यावी: ऑपरेशननंतरही काही आठवडे बोक्याकडून मांजर गाभण राहू शकते. घरात ऑपरेशन न झालेली मांजर असेल, तर तेवढे दिवस दोघांना वेगळं ठेवायचं.