पांढरा साका

खानदेशच्या माणसाचा समुद्राशी संबंध काय, असे कोणी विचारल्यास तापीकडे बोट दाखवावे. कारण रावेर-यावलच्या केळीबागांतून निथळलेले आणि पांझरेने धुळ्याहून मुडावदच्या संगमापर्यंत आणून सोडलेले पाणी अखेर सुरतेपलीकडे अरबी समुद्राच्याच खाती जमा होते.

त्या खात्याचे दप्तर मात्र आपल्याकडे उशिरा उघडले. 1933-34 साली 'माबाहिस' या इजिप्तच्या नौकेवरून निघालेल्या जॉन मरे मोहिमेने अरबी समुद्राच्या मध्यम खोलीवरील प्राणवायूची टंचाई नोंदविली होती. आपले शास्त्रज्ञ आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निमित्ताने नौदलाच्या 'किस्तना'वर चढले ते 1962 पासून. त्याच उद्योगातून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. 1976 मध्ये 'गवेषणी' व 1983 मध्ये 'सागरकन्या' या नौका तिच्या शास्त्रज्ञांच्या कामी आल्या. नौकांची नावे स्मरणात राहतात, बाटल्या विसळणाऱ्यांची राहत नाहीत!

खरी कसोटी त्या बाटलीपाशीच असे. खोलातून आलेले पाणी बुडबुडा न शिरू देता काचेच्या कुपीत भरावयाचे, त्यात मँगनीजचा क्षार व अल्कधर्मी आयोडाइड सोडावयाचे, आणि नौका हेलकावत असता साका बसण्याची वाट पाहावयाची, ही प्राणवायू मोजण्याची 1888 सालची विंकलरची रीत. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. मग आम्ल घालून, पिष्टाने निळा झालेला द्रव थायोसल्फेटच्या थेंबाथेंबाने निवळला की हिशेब लागला. परंतु अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीच्या थरात कित्येक ठिकाणी तो साका जवळजवळ पांढराच राही. तेथे जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात, आणि पिकांच्या कामी आला असता असा नत्र वायुरूपाने उडून जातो.

2000 साली याच संस्थेतील नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखविले की पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही पावसाळ्याअखेर ही टंचाई तीव्र होत असून नायट्रस ऑक्साइड विपुल निघतो. शेतखतांतील नत्राचा त्यात वाटा असावा, असा तर्कही त्यांनी मांडला. तो पटला वा न पटला, तरी केळीला युरिया देणाऱ्याने तो ऐकून घ्यावा हे बरे.

म्हणून संस्थेला आमची एवढीच विनंती, की तिची नौका ज्या महिन्यात समुद्रावर जाईल त्याच महिन्यात नदीतला नत्र मोजण्यासाठी एक बाटली भुसावळच्या पुलाखाली आणि एक मुडावदच्या संगमावर भरून ठेवावी.