वामन, ह्रस्व, खुजा : शब्द आणि निदान

शास्त्र बदलले की शब्दाचा अर्थ बदलतो. वनस्पतिशास्त्रात 'ठेंगू' हा गुण मानला जातो. ठेंगू नारळ लवकर फळतो, म्हणून बागायतदार तो आवर्जून लावतात. १९६६ सालचा 'आय. आर. ८' हा ठेंगू भात खत पेलूनही लोळत नसे, त्यामुळे उत्पादन वाढले. खगोलशास्त्रात २४ ऑगस्ट २००६ रोजी प्लूटो 'बटुग्रह' ठरला. 'बटू' म्हणजे मुळात ब्रह्मचारी बालक, येथे तो केवळ आकारवाचक झाला.

वैद्यकात मात्र या शब्दाला रुग्ण जोडलेला असतो. चरकाचार्यांनी अष्टनिंदितांत 'अतिह्रस्व' गणला, परंतु त्या अध्यायात चिकित्सा सांगितली ती अतिस्थूल व अतिकृश या दोघांचीच. सुश्रुतसंहितेत दौहृदाच्या अवमानाने जन्मणाऱ्या अपत्यांत 'वामन' येतो. पोषण सर्वेक्षणातला 'खुजा' निराळा : वयानुसार उंची प्रमाणित मध्यापासून दोन प्रमाण-विचलनांहून अधिक खाली असलेले बालक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रौढाची उंची १४७ सें.मी. वा त्याहून कमी असणे ही मर्यादा आहे.

बोईसर-तारापूर परिसरात आमच्याकडे 'मुलाची उंची वाढत नाही' असे सांगत पालक येतात. त्या एका वाक्यामागे कुपोषण, अवटु ग्रंथीची मंदता, वृद्धिसंप्रेरकाची न्यूनता, अस्थिवाढीचा जनुकीय दोष किंवा केवळ कुलज ठेंगणेपणा असू शकतो. येथे चरकोक्त प्रमाणपरीक्षा उपयोगी पडते. स्वांगुलाने चौऱ्याऐंशी अंगुळे उंची आणि आयाम-विस्तार समान, हे समशरीराचे लक्षण होय. पसरलेल्या हातांचे अंतर उंचीहून बरेच कमी भरले व हातपाय आखूड दिसले, तर अस्थिदोषाची शंका घ्यावी. अशा दोषांपैकी 'अकाँड्रोप्लेझिया' सर्वांत आढळणारा असून त्याची बहुतेक बालके सामान्य उंचीच्या आईवडिलांपोटी जन्मतात. म्हणून मातेला दोष देऊ नये. बांधा प्रमाणबद्ध असून वाढ मंदावली असेल, तर आहार, जुनाट व्याधी व अवटु ग्रंथी तपासावी. जन्मजात अवटुमंदतेत पहिल्या काही आठवड्यांतील उपचारावर बुद्धीचा विकास अवलंबून असतो. तेथे केवळ बल्य कल्प देत राहणे म्हणजे अमूल्य काळ दवडणे होय.

औषधी दुकानदार बंधूंनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात 'व्यक्तीची उंची' हा विषय समाविष्ट असून, उंची वाढविण्याच्या औषधाची जाहिरात निषिद्ध आहे. अस्थींची वाढबिंदूस्थाने मिटल्यावर कोणत्याही चूर्णाने उंची वाढत नाही. अश्वगंधेचे गुण मोठे आहेत. तिच्यावर हा भार टाकून आपल्याच शास्त्राची विश्वासार्हता खुजी करू नये.

तेव्हा केसपेपरवर 'वामन' वा 'खुजा' एवढेच न लिहिता वय, उंची, वजन व हातांचे अंतर नोंदवावे, तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे आणि वाढ थांबलेली दिसताच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.