मे महिन्याची सुट्टी : किती मोठी आणि कोणाची?

जूनमध्ये शाळा उघडली की पहिले दोन-तीन आठवडे मागचेच पुन्हा शिकवण्यात जातात, असा बहुतेक शिक्षकांचा अनुभव असतो. एप्रिलमध्ये हातच्याची वजाबाकी बिनचूक करणारी मुले जूनमध्ये अडखळतात. यावर एक उपाय वरचेवर सुचवला जातो : उन्हाळ्याची मोठी सुट्टी बंद करावी, तेवढेच दिवस लहान लहान सुट्ट्यांत वाटावेत आणि शाळा वर्षभर चालू ठेवावी. अमेरिकेतल्या काही शाळा ४५ दिवस अभ्यास आणि १५ दिवस सुट्टी अशा चक्राने चालतात. यात शाळेचे दिवस वाढत नाहीत, फक्त त्यांची मांडणी बदलते.

परभणी जिल्ह्यात ही मांडणी उपयोगी पडेल का? त्यासाठी तीन प्रश्न तपासून पाहू.

सुट्टीत मुले किती विसरतात?

जर्मन शास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी विस्मरणावरचे आपले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते स्वतः पाठ करत आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजत. एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के श्रम वाचले, सहा दिवसांनंतर २५ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के. म्हणजे विसरणे आधी झपाट्याने होते, मग मंदावते. सहा दिवसांपासून एकतीस दिवसांपर्यंत फरक पडला तो फक्त चार टक्क्यांचा.

वर्गातला अभ्यास अर्थपूर्ण असतो, त्यामुळे हे आकडे मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण आलेखाचा आकार एक इशारा देतो. सहा आठवड्यांच्या एका सुट्टीऐवजी दोन-दोन आठवड्यांच्या तीन सुट्ट्या दिल्या, तर विस्मरण एक तृतीयांशावर येत नाही. उलट प्रत्येक सुट्टीनंतर थोडी उजळणी करावीच लागते.

प्रत्यक्ष शाळांमधली पाहणीही याच्याशी जुळते. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यास एकत्र तपासले. सुट्टीनंतर मुले सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे पडलेली दिसली. वाचनापेक्षा आकडेमोडीत अधिक. २००३ साली त्यांनीच सुट्ट्या विभागणाऱ्या शाळांचे निष्कर्ष तपासले. फायदा आढळला, पण अगदी थोडा. गरीब घरांतल्या मुलांना तो काहीसा जास्त होता. पुढे काही संशोधकांनी या सुट्टीतल्या घसरणीच्या मोजमापावरही शंका घेतल्या. म्हणून नुसती मांडणी बदलून मोठा लाभ होईल, असे आम्हाला वाटत नाही.

उन्हात मुले किती शिकतात?

मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे सहज जातो. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा अधिक तापली की उष्णता उलट शरीरात येऊ लागते आणि घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो, पण त्यासाठी मुलाला भरपूर पाणी प्यायला मिळाले पाहिजे. पत्र्याच्या वर्गात, पाणीटंचाईच्या दिवसांत हे अवघड आहे.

उष्णतेचा परिणाम अभ्यासावरही होतो. अमेरिकेतल्या परीक्षांच्या निकालांवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की वातानुकूलन नसलेल्या शाळांत वर्षाचे सरासरी तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढले की त्या वर्षीचे शिकणे सुमारे एक टक्क्याने घटते. मे महिन्याची दुपार वर्गात घालवून ऑगस्टचे दिवस सुट्टीला देणे हा आपल्याकडे तोट्याचा व्यवहार ठरेल. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये आणखी उशिरा उघडतात, त्याचेही कारण ऊनच.

सुट्टी कोणाची?

आता तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतली अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतणे होते. बरोबर गेलेल्या मुलाचा पाच महिने अभ्यास बुडतो. ते गावी येते तेव्हा परीक्षा चालू असतात किंवा संपलेल्या असतात, आणि मग मे महिन्यात शाळेला कुलूप असते. म्हणजे शाळा चालू असताना मूल गावात नसते आणि मूल गावात असताना शाळा बंद असते.

शिक्षणहक्क कायद्यानुसार (२००९) पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. हे शाळेचे दिवस झाले. या मुलाच्या वाट्याला त्यांतले निम्मेही येत नाहीत. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा याच कारणासाठी सुरू झाल्या. आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात राहिलेल्या मुलाची शाळा सुटत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. पण जी मुले तरीही गेली, त्यांच्यासाठी मे महिन्याचे सकाळचे दोन तास मोलाचे आहेत. ऊन चढायच्या आत, सात ते नऊ, वाचन आणि आकडेमोड एवढेच घ्यावे. सोबत जेवणाचीही सोय व्हावी. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिलेला होता.

हे काम शिक्षकांची सुट्टी फुकट कापून होऊ नये. मोठी सुट्टी शिक्षकांनाही हवी असते, आणि मुलांना मामाच्या गावी जे शिकायला मिळते तेही शिक्षणच आहे. मोबदला देऊन गावातल्या शिकलेल्या तरुण-तरुणींची मदत घेता येईल.

आपल्या शाळेत करून पाहा

एप्रिलच्या शेवटी दहा सोपी गणिते आणि एक छोटा उतारा मुलांना द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच काठिण्याची दुसरी चाचणी घ्या आणि तीन आठवड्यांनी तिसरी. गुण देऊ नका, फक्त नोंद ठेवा. वर्षभर गावात राहिलेली आणि ऊसतोडीहून परतलेली मुले, अशा दोन याद्या वेगळ्या करा. पहिल्या यादीतली घसरण तीन आठवड्यांत भरून निघाली, तर सुट्टीला दोष देण्याचे कारण नाही. दुसऱ्या यादीतली मुले मात्र एप्रिलमध्येच मागे असतील, तर मे महिन्याचे वर्ग कोणासाठी भरवायचे, हे तुमची वहीच सांगेल.