प्लस, मायनस आणि मधले शून्य

उन्हाळा तापला की इंदापूर तालुक्यात एक बातमी ठरलेली असते : उजनी मायनसमध्ये गेली. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृत साठा. टक्केवारी काढतात ती वरच्या ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्यावर. त्यामुळे पाणी त्या रेषेखाली उतरले की आकडा उणे होतो. धरण पार तळापर्यंत आटलेच, तर तो उणे १०० वर न थांबता उणे ११९ च्या घरात जाईल. (तशी वेळ न येवो. पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडले, तरी तालुक्याच्या पोटात गोळा येतो.)

समजा, सोमवारी साठा अधिक ०.६ टक्के होता आणि मंगळवारी उणे ०.३. बरोबर शून्य कधी झाला? कोणी पाहिले नाही, तरी तो क्षण होऊन गेला हे नक्की, कारण पाणीसाठा उडी मारून खाली जात नाही. गणितात याला मध्यवर्ती मूल्य सिद्धांत म्हणतात. संतत फलाची किंमत एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण असेल, तर मध्ये कुठेतरी ती किमान एकदा शून्य होतेच. उलट बाजूने मात्र हमी नाही. १ मार्चला प्लस आणि १ सप्टेंबरलाही प्लस, एवढ्यावरून मधल्या उन्हाळ्याबद्दल काहीच कळत नाही.

इतक्या उघड गोष्टीला सिद्धता कशाला हवी? प्रागच्या बर्नार्ड बोल्झानोला ती हवीशी वाटली आणि १८१७ मध्ये त्याने ती छापली. त्याची शंका रास्त होती. क्ष² − २ ही बहुपदी घ्या. क्ष = १ ला किंमत −१, क्ष = २ ला +२. पण संख्या म्हणून फक्त अपूर्णांकच मानले, तर मधले शून्य सापडतच नाही, कारण २ चे वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येत नाही. म्हणजे सिद्धांताचे बळ संख्यारेषेत एकही भोक नसण्यात आहे.

आता बारामतीच्या जिरायती पट्ट्यात जाऊ. तिथे कागद टाकलेली शेततळी जागोजाग दिसतात. ३० बाय ३० मीटर तोंड, ३ मीटर खोली आणि बाजूंचा उतार एकास एक धरला, तर तळ २४ बाय २४ चा होतो. तळे भरले की २१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी. अर्धे पाणी शिल्लक असेल तेव्हा खोली किती? बहुतेक जण दीड मीटर म्हणतील. तळे वर रुंद होत जाते, त्यामुळे दीड मीटरला पाणी जेमतेम ४४ टक्के असते. पाण्याची खोली क्ष मीटर धरली, तर खरे उत्तर या बहुपदीच्या शून्यात आहे :

(४/३)क्ष³ + ४८क्ष² + ५७६क्ष − १०९८

घन समीकरणाचे सूत्र कार्दानोने १५४५ मध्ये छापले, पण ते हाताने वापरणे म्हणजे शिक्षाच. पाचव्या घातापासून तर सर्वांना लागू पडेल असे या धर्तीचे सूत्रच नाही, हे आबेलने १८२४ मध्ये दाखवले. आपल्याला फक्त चिन्हे पुरतात. १ मीटरला किंमत उणे, २ ला अधिक. मधोमध १.५ ला उणे १२१.५, म्हणून शून्य १.५ च्या पुढे. १.७५ ला अधिक, १.६२५ ला उणे, १.६८७५ ला पुन्हा अधिक. दर वेळी निम्मा पट्टा बाद होतो. क्ष धन असताना खोलीबरोबर किंमत वाढतच जाते, त्यामुळे दुसरे शून्य दडून बसण्याचीही भीती नाही. मला यात आवडते ते हे की आकडा १२१ आला की १२, याची पद्धतीला फिकीर नसते. ती विचारते एवढेच : प्लस की मायनस?

उत्तर येते सुमारे १.६६५ मीटर. अर्ध्याची खूण करायची तर ती दीड मीटरच्या वर साडेसोळा सेंटिमीटरवर करावी लागेल. एक मीटरचा पट्टा नऊ वेळा अर्धा केला की उरतात जेमतेम दोन मिलिमीटर, आणि तिथे थांबलेले बरे. तळ्यातल्या कागदाची एखादी घडीही त्याहून जाड असते.