महागणपतीच्या पाठीशी

वाईला येणारा यात्रेकरू महागणपतीचे दर्शन समोरून घेतो आणि ते उचितच होय. काळ्या पाषाणातून घडविलेली, सुमारे १० फूट उंचीची ती बैठी मूर्ती पाहिल्यावर ‘ढोल्या गणपती’ हे लाडके नाव तिला का पडले, ते निराळे सांगावे लागत नाही. परंतु या देवालयाची खरी करामत त्याच्या पाठीमागे आहे, हे गेल्या श्रावणात मला माझ्या एका बालमित्राने दाखविले.

उभा जन्म वाईत शाळामास्तरकी केलेला हा गृहस्थ आता मुलाकडे पुण्यास कायमचा राहावयास निघाला होता. ‘जाण्यापूर्वी एकदा ये, गाव दाखवतो,’ असा त्याचा निरोप आला. वाई मी पूर्वी अनेकदा पाहिली होती, तरीही गेलो.

‘आधी मागच्या बाजूला चल,’ तो म्हणाला. गाभाऱ्यामागची भिंत सरळ नाही. माशासारखी, होडीच्या टोकाप्रमाणे ती निमुळती होत गेली आहे. कृष्णेच्या पुराचा लोंढा तिच्यावर आदळला की दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देवालय बांधविले. रास्त्यांचे घराणे म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचे माहेर; द्रव्याची वाण नव्हती. पण पैसा पुष्कळांजवळ असतो. नदीशी झुंज न घेता तिला वाट करून देणारी भिंत सुचावी लागते! शेजारीच आनंदराव रास्त्यांनी १७५७ मध्ये बांधविलेले काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे. तेथील नंदी पाहून आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर टेकलो.

तेथे त्याच्या मनातले बाहेर पडले. त्याच्या घरचा दीड दिवसाचा गणपती चार पिढ्या याच पायऱ्यांवरून कृष्णेत विसर्जित होत आला. यंदा घराला कुलूप. मुलगा म्हणतो, देव आपण असू तेथे. ‘त्याचे चुकते असे नाही,’ मित्र म्हणाला, ‘पण माझे पाऊल उचलत नाही.’

मी कृष्णाबाईचा दाखला दिला. वाईच्या सात घाटांवर माघ-फाल्गुनात पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. अफजलखानाच्या संकटात, १६५९ मध्ये बोललेल्या नवसातून तो सुरू झाला, अशी परंपरा सांगतात. भीमकुंड आळीपासून गंगापुरीपर्यंत प्रत्येक आळी देवीला आपल्या घाटावर आणते, मांडव घालते, सुवासिनी ओट्या भरतात. ‘देवीसुद्धा मुक्काम हलवतेच की!’

‘हलवते,’ तो म्हणाला, ‘पण वाई सोडत नाही.’

यावर मला उत्तर सुचले नाही.

दुपारी गावात हिंडलो. नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा, जेथे १९१७ मध्ये विनोबाजींनी वेदान्ताचे अध्ययन केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली ज्याचे काम उभे राहिले, त्या मराठी विश्वकोशाचे कार्यालय. तालुक्याच्या गावाला एवढी विद्या पुष्कळच झाली.

तेथून मेणवलीस गेलो. नाना फडणिसांचा वाडा आणि त्यामागचा घाट यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. ‘स्वदेस’ चित्रपटाचे (२००४) चित्रण येथे झाल्यापासून तर तरुण मंडळी कॅमेरे घेऊनच उतरतात. मित्र मात्र मेणेश्वराच्या मंदिराजवळील मोठ्या घंटेपाशी थांबला. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयात हाती आलेली ही ख्रिस्ती मंदिरातील घंटा. बाळ येशू आणि मेरीमाता तिच्यावर आजही आहेत आणि ती महादेवाच्या सान्निध्यात टांगलेली आहे. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. बोलला काहीच नाही.

परतताना तो वाईच्या बाजारातल्या मूर्तिकाराच्या कारखान्यात शिरला. मूर्तिकाराने वही उघडली. ‘नेहमीचीच ना, मास्तर?’

‘नेहमीचीच. नाव आजोबांचेच लिही. आणि खोका बळकट दे, यंदा पुण्याला न्यायची आहे.’

‘आणि विसर्जन?’ मी न राहवून विचारले.

‘ते इथेच. पुण्यात उत्तरपूजा उरकली की एस. टी. पकडायची. दिवस मावळायच्या आत घाटावर पोचतो.’ मग मूर्तिकाराकडे वळून तो म्हणाला, ‘उंची मात्र बोटभर कमी कर. मांडीवर घेऊन बसायचे आहे.’